चिल्फीचा घाट, जनावरांच्या वाटेनं

रायपूरहून जबलपूरला जाणारी रात्रीची बस कवर्धा सोडते तेव्हा बहुतेक प्रवासी झोपलेले असतात. भाताची खाचरं संपतात, उसाचे मळे संपतात, बोडला मागे पडतं आणि गाडी एकदम गिअर बदलते. वळणामागून वळणं सुरू होतात. हीच चिल्फी घाटी. छत्तीसगडात ‘घाटी’ म्हणजे आपला घाट, दरी नव्हे. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांनी हा घाट असंख्य वेळा ओलांडला असेल, पण काचेतून आणि तोही अर्धवट झोपेत. मीही त्यांतलाच एक. म्हणून मार्च महिन्यातला एक आख्खा दिवस काढून आम्ही चौघांनी मैकलची ही रांग पायी चढायची ठरवली. वनखात्याची रीतसर परवानगी काढली. वाट दाखवायला डोंगरातल्या एका पाड्यावरचे बैगा समाजाचे एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांना सगळे ‘कका’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो.

डोंगरवाटा म्हटलं की मराठी माणसाला सह्याद्री आठवतो, नाहीतर हिमालय. कळसूबाई १६४६ मीटर, रोहतांगची खिंड ३९७८ मीटर. त्यापुढं मैकलचे माथे साधारण सहाशे ते हजार मीटरचे. आकड्यांत पाहिलं तर यात विशेष काही वाटणार नाही. पण खिंडीचं मोल तिच्या उंचीवर ठरत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे आणि तिच्यातून कोण ये-जा करतं, यावर ते ठरतं. त्या हिशेबानं मैकलचा घाट हा मध्य भारतातला फार महत्त्वाचा उंबरठा आहे.

पाणी दोन दिशांना

रायपूर एका मोठ्या परातीच्या तळाशी वसलं आहे. ही परात महानदीच्या खोऱ्याची. तिची एक कड वायव्येला, म्हणजे मैकल. दुसरी कड दक्षिणेला, जगदलपूरच्या वाटेवरचा केशकालचा घाट. आजचा राष्ट्रीय महामार्ग ३० या दोन्ही घाटांतून जातो आणि मधे रायपूरला टेकतो. केशकालच्या पलीकडं पडलेलं पाणी इंद्रावतीतून गडचिरोलीच्या सीमेवर येऊन गोदावरीला मिळतं. चिल्फीच्या माथ्यावर पडलेलं पाणी मात्र दोन वाटांनी जातं. पूर्वेच्या उतारावरचं पाणी सकरी, हांफ अशा नद्यांतून शिवनाथेत, तिथून महानदीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पश्चिमेच्या उतारावरचं हालोन, बुढनेर, बंजर यांतून नर्मदेत आणि तिच्याबरोबर अरबी समुद्रात.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथं आरशात पाहिल्यासारखं वाटतं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, आणि तरी त्याच्याकडं पाठ फिरवून १४६५ किलोमीटर वाहत पूर्वेला जाते. नर्मदेचं नेमकं उलटं. याच मैकल रांगेतल्या अमरकंटकला ती जन्मते. तिथून बंगालचा उपसागर जवळ, पण ती १३१२ किलोमीटर चालून पश्चिमेचा समुद्र गाठते. दोन्ही ठिकाणी निर्णय एका धारेवर होतो. थेंब धारेच्या अलीकडं पडला की पलीकडं, एवढाच काय तो प्रश्न.

पावसाचंही तसंच. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि वाई ओलांडली की कोरडं, हे आपण शाळेत शिकलो. मैकलही पश्चिमेकडून येणारे ढग अडवतो, म्हणून त्याच्या पायथ्याचा कवर्ध्याचा भाग पर्जन्यछायेत येतो आणि छत्तीसगडच्या इतर मैदानापेक्षा तिथं पाऊस कमी पडतो. डोंगर लहान असला तरी त्याचे नियम सह्याद्रीचेच.

वारा आधी, पाऊल नंतर

ककांनी आम्हाला पहाटे पाचलाच उठवलं. ‘ऊन उतारावर यायच्या आत अर्धी चढण झाली पाहिजे,’ असं त्यांचं म्हणणं. उन्हाचा त्रास टाळायला ते घाई करतायत, असं मला वाटलं. खरं कारण वाऱ्यात होतं.

रात्री डोंगराचा उतार गार पडतो. त्याला टेकलेली हवाही गार आणि जड होते आणि पाण्यासारखी ओघळत खाली दरीकडं वाहते. सूर्य उतारावर आला की हेच चाक उलटं फिरतं. तापलेली हवा हलकी होऊन चढावर निघते. आता जनावराच्या बाजूनं विचार करा. पहाटे तुम्ही चढत असाल तर वाहती हवा वरून खाली येत असते, त्यामुळं तुमचा वास तुमच्या मागे, खालच्या अंगाला जातो. वरचं सांबर, वरचा गवा यांना तुमचा पत्ता लागत नाही. नऊनंतर चढायला लागलात तर तुमचा वास तुमच्या आधी माथ्यावर पोचतो आणि तुम्ही पोचता तेव्हा तिथं कुणी नसतं. चितळ, सांबर, गवा, अस्वल या सगळ्यांचा पहिला पहारेकरी नाक आहे. म्हणून डोंगरात जनावर पाहायचं तर कपड्यांचा रंग, दुर्बीण या गोष्टी नंतरच्या. आधी वारा ओळखायला हवा. कका चालता चालता मूठभर बारीक धूळ हातातून सोडत आणि ती कुठं जाते ते पाहत. त्यांचं एवढंच उपकरण.

सरईच्या सावलीत

पायथ्याच्या मिश्र जंगलातून वर चढलं की एका टप्प्यावर सगळीकडं एकच झाड दिसू लागतं. सरळसोट, उंच, काळपट खोडाचं. हा साल, छत्तीसगडी बोलीत सरई, आणि हाच छत्तीसगडचा राज्यवृक्ष. विदर्भातून येणाऱ्या माणसाचा डोळा सागवानाला सरावलेला असतो. मेळघाट, पेंच, ताडोबा ही सागाची जंगलं. मैकलमध्ये मात्र सालाचं राज्य. सागाचं जंगल उन्हाळ्यात पार उघडं पडतं, सालाचं तसं होत नाही. मार्चमध्ये त्याची जुनी पानं गळत असतानाच तांबूस-पोपटी पालवी फुटते, त्यामुळं ऐन उन्हाळ्यातही सावली टिकते आणि सावलीखाली ओल. जनावरं उन्हाळ्यात या उतारांवर टिकून राहतात त्याचं हे एक मोठं कारण.

सालाचं बी मुद्दाम हातात घेऊन पाहावं असं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर ते पिकतं. त्याला पाच पंख असतात, तीन लांब आणि दोन आखूड. वाऱ्याबरोबर ते भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. पण त्याचं आयुष्य जेमतेम आठवड्याभराचं. तेवढ्यात ओली माती मिळाली नाही तर ते मरतं. म्हणजे बी पडणं आणि मृगाचा पाऊस येणं यांची गाठ नीट पडली तरच नवा साल उभा राहतो. रोपवाटिकेत साल वाढवणं अवघड का जातं आणि तोडलेलं सालवन सहजासहजी परत का येत नाही, याचं उत्तर या आठवड्यात आहे.

या सावलीत चालताना पहिला तासभर आम्हाला एकही जनावर दिसलं नाही. दिसल्या त्या खुणा. ओढ्याच्या ओल्या रेतीत भेकराचे नाजूक खूर. इथं त्याला कोटरी म्हणतात. वाटेच्या मधोमध अस्वलाची विष्ठा, काळपट, आणि तिच्यात बोरांच्या आख्ख्या बिया. ककांनी ती काडीनं उलगडून दाखवली. बियांबरोबर वाळवीच्या डोक्यांचे बारीक तांबूस तुकडेही होते. अस्वलाचा आहार फळं आणि किडे, तो असा एका विष्ठेत लिहिलेला सापडतो. पुढं एका वारुळाला हातभर खोल भगदाड होतं. अस्वलाला वरच्या जबड्यात मधले दोन पुढचे दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, आणि तो आवाज शांत रात्री बराच दूर ऐकू जातो.

अस्वलाबद्दल एक गोष्ट इथं प्रत्येकाला माहीत असते. बिबट्या माणूस दिसला की बहुधा बाजूला होतो, अस्वल होतंच असं नाही. त्याची नजर अधू, आणि खाण्यात गुंग असलं की त्याला आसपासचं भान राहत नाही. माणूस अगदी जवळ आल्यावर ते दचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. ती वेचायला बायका-पोरं अंधारात निघतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही त्याच झाडाखाली येतं. म्हणून झुडपांच्या दाट पट्ट्यात शिरताना कका मुद्दाम मोठ्यानं बोलायला लागत, काठी आपटत. उघड्यावर गप्प राहायचं आणि आडोशात आवाज करायचा, हा पायी चालणाऱ्याचा पहिला नियम.

वानर आणि चितळ

साडेसातच्या सुमारास डाव्या हाताच्या घळीतून वानरांचा खकार ऐकू आला. कोरडा, तुटक, पुन्हा पुन्हा. लगेच चितळाची तीक्ष्ण शीळ. कका उभे राहिले, आम्हीही.

कान्हाच्या जंगलात १९८०च्या दशकात वानर आणि चितळ यांच्या या सोबतीचा बारकाईनं अभ्यास झाला. वानरं झाडावर खाताना पुष्कळ पाला, फुलं, फळं खाली टाकतात. खालची चितळं ते वेचतात. बदल्यात काय मिळतं? वानराला वरून लांबचं दिसतं, चितळाला खालून वास येतो. दोघांचे पहारे एकत्र झाले की वाघ-बिबट्याला लपणं जड जातं. या इशाऱ्याचा उपयोग दुहेरी असतो. सोबत्यांना तो सावध करतो आणि शिकाऱ्यालाही कळवतो की तू दिसला आहेस, आता दबा धरण्यात अर्थ नाही.

सगळ्या हाका सारख्या विश्वासाच्या नसतात. चितळ चटकन घाबरतं, कधी कधी उगाचही. सांबराचा ‘पोंक’ असा खणखणीत आवाज आला तर मात्र वाटाडे तो खरा मानतात. त्या सकाळी सांबर ओरडलं नाही. दहा मिनिटांत वानरं शांत झाली. काय होतं ते आम्हाला दिसलं नाही. पण घळ ओलांडून वर आल्यावर वाटेच्या कडेला मातीत दोन लांबट ओरखडे दिसले आणि त्यांच्या टोकाला उकरलेल्या मातीचा ढीग. बिबट्यानं मागच्या पायांनी काढलेले, ताजे. ज्या वाटेनं आम्ही चढत होतो, त्याच वाटेवर त्यानं आपली सही ठेवली होती.

दिवसभर पुढं हेच पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं. मोठ्या जनावराला काट्याकुट्यातून, उभ्या कड्यावरून जाण्यात रस नसतो. ते सोपी चढण शोधतं, डोंगराची सोंड धरतं, खिंड गाठतं. माणसानंही तेच केलं. बैलांच्या तांड्यांनी, बाजाराला निघालेल्या बैगांनी, शेवटी रस्ता आखणाऱ्या इंजिनिअरनंही. खिंड ही डोंगरातली सर्वांत कमी कष्टाची जागा, म्हणून तिथं सगळ्यांच्या वाटा एक होतात.

दादर

चढण संपली आणि झाडी एकाएकी बाजूला झाली. समोर गवताचं सपाट, मोकळं मैदान. अशा पठाराला इथं दादर म्हणतात. चिल्फीजवळचं सरोदा दादर पर्यटकांना माहीत आहे, कान्हातलं बम्हनी दादर वन्यजीवप्रेमींना. दादराला पाय लागला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं, आणि त्याला कारण आहे. मैकलच्या कित्येक माथ्यांवर दख्खनच्या लाव्ह्याचे थर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या ज्या बेसॉल्टनं सह्याद्री घडला, त्याचीच ही पूर्वेकडची टोकं. त्या काळ्या दगडावर पाऊस आणि ऊन यांनी लाखो वर्षं काम केलं आणि वर जांभ्याचा टणक थर तयार झाला. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पाय ठेवता तोही जांभाच. याच थरात बॉक्साइट असतं, म्हणून कवर्धा जिल्ह्यातल्या बोदई-दलदलीला त्याच्या खाणी आहेत. दादर सपाट का, याचं उत्तर लाव्ह्यात आहे. दादर मोलाचं का, याची उत्तरं मात्र दोन आहेत, एक खाणवाल्याचं आणि एक गव्याचं.

मैकलच्या दऱ्यांतही अशी मोकळी गवताळ कुरणं आहेत. तिथं झाडं का वाढत नाहीत याचं एक कारण पुन्हा पहाटेच्या त्या जड हवेत सापडतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री ती खोलगट जागी साचते. चिल्फीच्या आसपास दव गोठून गवतावर पांढरा थर धरतं, तो या हवेमुळं. सालाचं कोवळं रोप या गोठणाऱ्या थंडीत जळून जातं, गवत मात्र मुळाशी जिवंत राहतं. कान्हाच्या कुरणांत पूर्वीच्या गावांचा आणि शेतांचा वाटाही मोठा आहे. अशा गवतावरच कान्हाचा बारशिंगा तगला. १९७० साली त्यांची संख्या फक्त ६६ उरली होती. गवत राखलं, शिकाऱ्यांपासून जपलं, आणि आज ती हजारापलीकडं गेली आहे.

दादराच्या पलीकडच्या कडेला, झाडीला लागून, गवे होते. सात. ककांनी खूण केली आणि आम्ही जमिनीला टेकलो. वारा आमच्या तोंडावर येत होता. दुर्बिणीतून एका नराचं सगळं अंग नीट दिसलं. खांद्यापाशी माणसाच्या उंचीचा, वजन सातशे ते हजार किलोंच्या घरात, काळाभोर चकचकीत, आणि चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे. मानेपासून अर्ध्या पाठीपर्यंत उंचवटा होता. तो चरबीचा नसतो. पाठीच्या मणक्यांच्या उंच वाढलेल्या हाडांना धरलेले ते स्नायू असतात. एवढं धूड सरळ चढ झपाझप चढून जातं. वीस मिनिटं आम्ही पाहत राहिलो. मग म्हातारी गाय पुढं झाली आणि बाकीचे एका ओळीत तिच्या मागे, पश्चिमेकडं, नर्मदेच्या उताराला उतरले. कळपाला वाट दाखवण्याचं काम बहुधा वयस्कर मादीच करते.

वाट कुठं जाते

दुपारी एका आंब्याखाली शिदोरी सोडली. कोदोचा भात ककांनी आणला होता. त्यांच्या आजोबांच्या वेळी या उतारांवर बेवर होई, म्हणजे झाडोरा तोडून जाळायचा, राखेत कोदो-कुटकी पेरायची आणि काही वर्षांनी जागा बदलायची. नांगर चालवणं म्हणजे धरतीमातेची छाती फाडणं, ही बैगांची श्रद्धा. इंग्रजांनी बेवर बंद केला आणि १८९०मध्ये तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात ‘बैगा चक’ नावाचा ठरावीक पट्टा तेवढा त्यासाठी राखून ठेवला. इथल्या भोरमदेव अभयारण्याला व्याघ्र प्रकल्प करण्याचा प्रस्ताव अलीकडं आला, तेव्हा डोंगरातल्या गावांनी विरोध केला, तो या आठवणींतून. आपल्याला पुन्हा उठवतील ही त्यांची भीती होती, आणि प्रस्ताव मागे पडला. जंगल वाचवायचं तर या माणसांना बरोबर घेऊनच, हे तिथं बसल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

आम्ही बसलो होतो त्या धारेच्या पश्चिमेला कान्हा, ईशान्येला अचानकमार. अचानकमार १९७५ पासून अभयारण्य, २००९ पासून व्याघ्र प्रकल्प. मधला दुवा म्हणजे भोरमदेवचं हे डोंगराळ जंगल. कान्हात वाघ पुष्कळ, त्यामुळं वयात आलेल्या नराला आईचा इलाखा सोडून नवीन जागा शोधावी लागते. तो बाहेर पडतो तो याच खिंडींतून. वाघांची ही ये-जा थांबली तर काय होतं, ते २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून कळतं. मेळघाट, सातपुडा, पेंच आणि कान्हा इथल्या विष्ठेच्या नमुन्यांतल्या डीएनएवरून २७३ वाघ ओळखले गेले. जंगलाचे पट्टे जिथं शाबूत, तिथं दूरच्या वाघांत जुनी जनुकीय देवाणघेवाण टिकून होती. पट्टे तुटले की प्रत्येक अभयारण्य बेट होतं. बेटावरचे वाघ आपसांतच जुळतात आणि पिढ्यांमागून पिढ्या कमकुवत होत जातात. चार-दोन किलोमीटरच्या एका खिंडीवर शेकडो चौरस किलोमीटरच्या अरण्याचं भवितव्य अवलंबून असतं.

डांबरापाशी

उतरताना संध्याकाळ झाली. हवा पुन्हा खाली ओघळू लागली होती, तिच्याबरोबर मोहाचा गोडसर वास. शेवटच्या वळणावर झाडीतून बाहेर आलो तो समोर महामार्ग. पलीकडं जायचं होतं. ट्रकमागून ट्रक चढत होते, दिव्यांनी डोळे दिपत होते. कका काठावर थांबले. आम्हीही थांबलो, चांगली दहा मिनिटं. दिवसभर ज्यांची पावलं बिनचूक पडत होती ते कका तिथं दोनदा पुढं होऊन मागे आले.

काठाच्या मऊ मातीत, आमच्या बुटांशेजारी, गव्याचे खूर उमटले होते. तेही रस्त्याकडं तोंड करून. तेही इथं येऊन थांबले असणार.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच भागात सिद्ध झाला आहे. नागपूर-सिवनी रस्ता पेंचच्या जंगलातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत त्याखाली जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले गेले, पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत रुंद. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१९मध्ये तिथं कॅमेरे लावले, तेव्हा १८ जातींचे प्राणी खालून जाताना टिपले गेले. त्यांत ११ वाघ होते, आणि त्यांनी ८९ वेळा हे मार्ग वापरले. वाट मोकळी ठेवली तर जनावर ती शोधून काढतं. मैकलसारख्या रांगेत रस्ते रुंद होतील तेव्हा आराखड्यात पहिली रेघ या वाटांची हवी, पुलांची आणि बोगद्यांची नंतर.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. रात्री चिल्फीचा घाट चढत असाल तर वेग कमी ठेवा, दिवे खाली करा आणि हॉर्नवरचा हात काढा. वळणापलीकडं काठावर कुणीतरी रस्ता मोकळा व्हायची वाट पाहत उभं असेल. ही वाट त्यांची तुमच्याआधीची आहे.